बालदी, वालदी आणि ‘फनी बॉय’: एका कादंबरीकाराचं प्रकरण

प्रकरण अभ्यासात नावं झाकायची पद्धत आहे. इथे मूळ लेखकाचं आणि दिग्दर्शिकेचं नाव झाकून काही साधणार नाही, कारण ‘फनी बॉय’ ही कादंबरी, तिच्यावरचा चित्रपट आणि त्यावरचा वाद सगळं जगजाहीर आहे. घरची माणसं, नटमंडळी, टीका करणारे प्रेक्षक यांची नावं मात्र मी घेतलेली नाहीत. लेखन आणि अनुवादाच्या कार्यशाळेत मी हे प्रकरण चर्चेला ठेवते ते एकाच प्रश्नासाठी: कागदावर जी भाषा गृहीत धरून चालते, ती कानावर पडायची वेळ आली की काय होतं?

पार्श्वभूमी

कादंबरीकार श्याम सेल्वादुराई यांचा जन्म १९६५ सालचा, श्रीलंकेतल्या कोलंबोचा. वडील तमिळ, आई सिंहली. १९५६ मध्ये एकट्या सिंहलीला राजभाषा करणारा कायदा झाला आणि भाषेचा प्रश्न त्या देशाच्या मानगुटीवर कायमचा बसला. त्यांच्या घरात दोन्ही बाजूंची माणसं होती, त्यामुळे हा वाद त्यांना बाहेर ठेवताच आला नसता.

२३ जुलै १९८३ रोजी उत्तरेकडच्या तमिळबहुल जाफन्यात तमिळ वाघांनी, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने, दबा धरून केलेल्या हल्ल्यात तेरा सैनिक मारले गेले. पुढच्या दोनेक दिवसांत कोलंबोत तमिळांची घरं-दुकानं जळायला लागली. जमावाकडे मतदारयाद्या होत्या. कोणतं घर कुणाचं हे हुडकावं लागत नव्हतं. रस्त्यावर गाड्या अडवून माणूस तमिळ आहे का हे तपासायची एक रीत होती, ती १९५८ च्या दंगलीतही वापरली गेली होती. समोर बालदी धरायची आणि विचारायचं, हे काय? सिंहलीत तिला ‘बाल्दिय’ म्हणतात. तमिळमध्ये शब्दाच्या सुरुवातीला ‘ब’ सहसा येत नाही, त्यामुळे तमिळ जिभेवर त्याचं ‘वाल्दिय’ व्हायचं. तेवढ्यावरून माणूस गाडीतून खाली ओढला जायचा.

हा शब्द आपल्याला परका नाही. आपली बालदी आणि सिंहलींची बाल्दिय, दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेल्या. रोज सकाळी न्हाणीघरात जो शब्द आपण विचारही न करता उच्चारतो, त्याच्या पहिल्या अक्षरावर कुणाचा तरी जीव टांगलेला होता. हे प्रकरण वाचताना ती बालदी डोळ्यांसमोर ठेवा, पुढे लागेल.

सेल्वादुराई तेव्हा अठरा वर्षांचे होते. १९८४ मध्ये कुटुंब कॅनडात टोरांटोला गेलं. तिथे यॉर्क विद्यापीठात ते शिकले आणि १९९४ मध्ये त्यांची पहिली कादंबरी ‘फनी बॉय’ आली. कॅनडातल्या गिलर या साहित्य पारितोषिकाच्या त्या वर्षीच्या अंतिम यादीत ती होती. कॅनडात पहिल्या कादंबरीसाठीचा पुरस्कार तिला मिळाला आणि अमेरिकेत समलिंगी साहित्यासाठीचा लॅम्ब्डा पुरस्कारही.

पहिला निर्णय: कुठे उभं राहून लिहायचं

परदेशात गेलेल्या तरुण लेखकापुढे एक सोपी वाट असते. नवा देश, थंडी, एकटेपणा, तिथे सापडलेलं स्वातंत्र्य, आणि मागे राहिलेला जुनाट देश. समलिंगी लेखकासाठी तर ही वाट आणखीच मळलेली: ‘तिथे कोंडलेला होतो, इथे मोकळा झालो’. सेल्वादुराईंनी पहिल्या पुस्तकात ती घेतली नाही. एकमेकांत गुंफलेल्या सहा कथा त्यांनी सगळ्याच्या सगळ्या श्रीलंकेत ठेवल्या आणि त्यांच्या मधोमध अर्जी नावाचा मुलगा उभा केला.

पहिल्या कथेतला खेळ मी नेहमी वर्गात सविस्तर सांगते. महिन्यातल्या एका रविवारी सगळी चुलत-आत्ये-मामे भावंडं आजी-आजोबांच्या घरी सोडली जातात. मुलगे घरासमोरच्या मैदानात आणि रस्त्यावर क्रिकेट खेळतात. मागचं आवार आणि स्वयंपाकघराचा ओटा मुलींचा. अर्जी मुलींच्या बाजूचा. त्यांचा ‘नवरी नवरी’चा खेळ चालतो आणि नवरी कायम अर्जीच असतो. साडी कसली, तर जुनी पांढरी, वयाने पिवळट पडलेली, किनार फाटलेली, टिकल्या बऱ्याचशा गळलेल्या. पण ती अंगावर आली की तो स्वतःच्या पलीकडचा कुणी तरी होतो. खेळात नवरदेवाला फारशी किंमत नाही, नवरीच सगळं काही. मग परदेशातून आलेली एक चुलत बहीण हट्ट धरते की नवरी मुलगीच हवी. भांडण होतं आणि तिची आई अर्जीला साडीसकट ओढत दिवाणखान्यात मोठ्यांसमोर आणून उभं करते. एक काका हसत हसत त्याच्या बापाला म्हणतो की तुझ्याकडे हे एक ‘फनी’ निघालेलं दिसतंय. बाप गप्प होतो. आई त्यानंतर मुलाला स्वतःच्या खोलीत येऊन साडी नेसताना बघू देत नाही, आणि का ते तिला सांगता येत नाही.

इथून कथा पुढे जाते ती थेट १९८३ पर्यंत, घर जळेपर्यंत. मुलाच्या अंगावरची साडी आणि घरावरचा तमिळपणाचा शिक्का, दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या वाट्याला येतात आणि लेखक एकीला दुसरीच्या आड झाकत नाही. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निर्णय हाच. पुढची पुस्तकं याच्याच विस्तारासारखी येतात. ‘सिनॅमन गार्डन्स’ (१९९८) मध्ये १९२० च्या दशकातलं सिलोन आहे, बायकामुलं असलेला आणि जुन्या प्रियकराला विसरू न शकलेला एक प्रतिष्ठित तमिळ माणूस आहे. २००५ मध्ये किशोरांसाठीची एक कादंबरी. टोरांटो केंद्रस्थानी यायला ‘द हंग्री घोस्ट्स’ (२०१३) उजाडावं लागलं. तिथेही मुलगा टोरांटोच्या स्कारबरो भागात बसलेला असला तरी त्याला सोडत नाही ती कोलंबोची आजी.

एक गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवावी. हा माणूस ज्या देशाबद्दल लिहीत होता, तिथे त्याचं प्रेम गुन्हा होतं. श्रीलंकेच्या १८८३ च्या दंडसंहितेतलं ३६५ वं कलम आणि आपलं ३७७ वं, दोन्ही इंग्रजांच्या एकाच साच्यातली; ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ हा शब्दप्रयोगसुद्धा तोच. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं संपलं. तिथे उलट १९९५ मध्ये ३६५ अ कलमात ‘पुरुष’ ऐवजी ‘व्यक्ती’ घालून स्त्रियाही त्यात ओढल्या गेल्या. म्हणजे ‘फनी बॉय’ प्रसिद्ध झाली त्याच्या पुढच्याच वर्षी. तरीही सेल्वादुराई तिथे पुन्हा पुन्हा गेले, तिथल्या तरुण लेखकांसाठी काम केलं, तिथल्या गॉल शहरातल्या साहित्य महोत्सवाची धुरा घेतली. २०११ च्या जानेवारीत पत्रकारांवरच्या दडपशाहीमुळे त्या महोत्सवावर बहिष्काराची हाक दिली गेली तेव्हा ते त्याचे संयोजक होते. महोत्सव झाला. हा निर्णय वादाचा आहे आणि त्याचं वेगळं प्रकरण होऊ शकेल, इथे मी तो सोडून देते.

अडचण

‘फनी बॉय’ इंग्रजीत आहे. पानावर इंग्रजी सगळ्यांच्या वाटची बोलते. आजी इंग्रजीत ओरडते, जाफन्याचा नातेवाईक इंग्रजीत उत्तर देतो, शाळेतली सिंहली पोरं इंग्रजीत टोमणे मारतात, आणि वाचक मनातल्या मनात ते आपापल्या भाषेत ऐकतो. शिवाय पुस्तकातच एक बारीक धागा आहे. अर्जीच्या वडिलांनी त्याला सिंहली माध्यमाच्या वर्गात घातलंय, कारण पुढे चलती सिंहलीचीच राहणार हे त्यांनी ओळखलंय. नव्या शाळेत पोरं त्याला विचारतात, तू तमिळ ना, मग आमच्या वर्गात काय करतोस? ज्या तमिळवरून त्याचं घर जळणार आहे, तीच त्याला नीट येत नाही. टोरांटोत किंवा न्यू जर्सीत वाढलेलं, आजीचं मराठी समजणारं पण उत्तर इंग्रजीत देणारं पोर ज्याच्या घरात आहे, त्याला हा धागा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

पुस्तकाला कॅमेऱ्यासमोर आणलं की हा आडोसा जातो. पडद्यावरच्या आजीला तोंड उघडावंच लागतं. ती कोणत्या भाषेत ओरडेल? आणि तमिळमध्ये ओरडली, तर कुणाच्या तमिळमध्ये? जाफन्याची तमिळ चेन्नईची नाही. दोघांचा हेल, शब्द, क्रियापदांची रूपं वेगळी. मालवणी म्हातारीचं काम करणाऱ्या नटीचा हेल चुकला की कणकवलीचा प्रेक्षक पहिल्या वाक्याला ओळखतो, तसंच हे.

समोरचे पर्याय

दिग्दर्शिका दीपा मेहता. मराठी वाचकाला त्या ‘फायर’मुळे माहीत आहेत, १९९८ च्या डिसेंबरात मुंबईत त्या चित्रपटाच्या खेळावर हल्ले झाले होते. ‘वॉटर’चं वाराणसीतलं चित्रीकरण २००० साली उधळलं गेल्यावर त्यांनी तो चित्रपट पुढे श्रीलंकेत जाऊन पूर्ण केला. म्हणजे दोन स्त्रियांचं प्रेम पडद्यावर आणण्याची किंमत त्यांना ठाऊक होती, आणि श्रीलंकाही. विशेष म्हणजे २००६ मध्ये कॅनडाच्या सीबीसी रेडिओसाठी याच ‘फनी बॉय’चं नभोनाट्य त्यांनी दिग्दर्शित केलं होतं. पटकथा मेहता आणि सेल्वादुराई यांनी मिळून लिहिली.

त्या दोघांत प्रत्यक्ष काय चर्चा झाली हा खासगीतला विषय. पण बाहेरून बघणाऱ्याला तीन वाटा स्पष्ट दिसतात.

एक वाट: घर जसं बोलेल तसं बोलू द्यायचं. आजी जाफन्याच्या तमिळमध्ये, मुलं इंग्रजी-सिंहलीच्या सरमिसळीत, वडील माणूस बघून भाषा बदलणारे. यासाठी तमिळ घरातले नट शोधावे लागतात, आणि समलिंगी प्रेमाची भूमिका श्रीलंकेतल्या नटाने घ्यायची तर ३६५ अ डोक्यावर टांगलेलं. हा धोका खरा होता.

दुसरी वाट: सगळं इंग्रजीत, पुस्तकासारखं. कोलंबोतली शिकलेली, सुखवस्तू तमिळ घरं इंग्रजी बोलत, त्यामुळे हे अगदीच खोटं ठरलं नसतं. पण मग दंगलीचं मूळ जे भाषेत आहे ते कानाला ऐकूच येणार नाही.

तिसरी वाट मधली: बरंचसं इंग्रजी, अधूनमधून तमिळ आणि सिंहली, आणि भूमिकांसाठी भारत, कॅनडा, पाकिस्तान, श्रीलंका असे कुठलेही चांगले नट.

काय केलं

तिसरी वाट घेतली गेली. चित्रपट श्रीलंकेत चित्रित झाला. तमिळ कुटुंबातल्या बऱ्याच महत्त्वाच्या भूमिका तमिळ मातृभाषा नसलेल्या नटांकडे गेल्या. नट चांगले होते, काही तर फार मोठे. पण कान वेगळी गोष्ट आहे. ‘तमिळ’ या नावातलं शेवटचं अक्षरच बघा. आपण ते ‘ळ’ने लिहितो आणि त्याच्या बऱ्यापैकी जवळ जातो, हिंदी त्याला ‘तमिल’ करून मोकळी होते. हिंदी-उर्दूत वाढलेल्या माणसाला ‘ळ’ बसवायला वेळ लागतो. असमिया बोलीत तर ‘ट’ आणि ‘त’ हा भेदच राहिलेला नाही. नटाने कितीही मेहनत घेतली तरी संवाद पाठ होतात, जीभ पाठ होत नाही.

काय झालं

२०२० च्या अखेरीस झलक बाहेर आली आणि तमिळ प्रेक्षकांनी ती ऐकली. बोलणं तुटक, उच्चार चुकीचे, काही ठिकाणी वाक्याचा अर्थच लागेना. कॅनडातल्या तमिळांनी, त्यांतल्या समलिंगी तमिळांनीही, उघड नाराजी मांडली. चित्रपट पाहू नका असंही सांगितलं गेलं. त्यांचा राग परक्याला अतिरेकी वाटू शकतो. मला तो तसा वाटत नाही. बालदीला ‘वालदी’ म्हटलं म्हणून ज्यांच्या घरची माणसं गाडीतून ओढली गेली, त्यांच्या दुःखावरचा चित्रपट त्यांचीच भाषा मोडून बोलतो, आणि तेही अशा शहरात जिथे स्कारबरोच्या कुठल्याही रस्त्यावर जाफन्याची तमिळ ऐकू येते. हा घाव नेमका त्याच जागी बसतो.

त्याच सुमारास दुसरीकडूनही भाषाच आडवी आली. कॅनडाने ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागासाठी ‘फनी बॉय’ पाठवला होता. नियमाप्रमाणे निम्म्याहून जास्त संवाद इंग्रजीखेरीज इतर भाषांत हवेत. अकादमीने मोजणी केली आणि इंग्रजीच जास्त म्हणून चित्रपट त्या विभागातून बाद केला. कॅनडाला दुसरा चित्रपट पाठवावा लागला. याच विभागात मेहतांचा हिंदी ‘वॉटर’ कॅनडाच्या वतीने नामांकनापर्यंत पोहोचला होता, हे आठवलं की चुटपुट लागते. ‘फनी बॉय’ तमिळ प्रेक्षकाला पुरेसा तमिळ नव्हता आणि अकादमीला पुरेसा बिगर-इंग्रजी नव्हता. दोघांची कारणं वेगळी, पण मधल्या वाटेवरच दोघांनी बोट ठेवलं.

जमेची बाजूही तितकीच खरी. डिसेंबर २०२० मध्ये चित्रपट कॅनडात सीबीसीवर आणि इतर काही देशांत नेटफ्लिक्सवर आला. पुढच्या वर्षी कॅनेडियन स्क्रीन पुरस्कारांत दिग्दर्शन आणि रूपांतरित पटकथा या दोन्हींचा मान त्याला मिळाला. म्हणजे वयाच्या पंचावन्न-छप्पनाव्या वर्षी सेल्वादुराईंना पहिल्याच पुस्तकासाठी पुन्हा एक पुरस्कार, या वेळी पटकथाकार म्हणून. पुस्तक कधीच हातात न घेतलेल्या असंख्य लोकांपर्यंत साडीतला तो मुलगा पोहोचला. मे २०२३ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांवरचं ते कलम शिथिल करणारं विधेयक घटनाविरोधी नाही असं सांगितलं. पुस्तकामुळे किंवा चित्रपटामुळे ते झालं असं मी म्हणणार नाही. पण गेली तीस वर्षं हा विषय तिथे घराघरांत कुठल्या तरी नावाने उच्चारला जात होता आणि त्यांतलं एक नाव या पुस्तकाचं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

आधी लेखकाच्या बाजूने. कादंबरीकाराला नटनिवडीत फारसा शब्द नसतो, हे मान्य. पण तो सहपटकथाकार होता, आणि पटकथेत भाषा लिहून ठेवता येते. कुठला संवाद कुठल्या भाषेत, कुठल्या गावच्या बोलीत, हे प्रत्येक वाक्यासमोर नोंदवलं असतं तर पुढे कुणी काही ‘जुळवून घेताना’ निदान अडखळलं असतं. करारात एक ओळ घालता आली असती: जाफन्याच्या तमिळचा जाणकार निवडचाचणीपासून हजर राहील आणि त्याला ‘नाही’ म्हणायचा अधिकार असेल. चित्रीकरणाच्या आदल्या आठवड्यात आणलेला उच्चार-शिक्षक हे काम करू शकत नाही. तोवर चेहरे ठरलेले असतात.

दुसरं, २००६ चं नभोनाट्य. रेडिओवर चेहरा नसतो, आवाज एवढंच भांडवल. म्हणजे या गोष्टीचा कान घडवायची संधी चौदा वर्षं आधी मिळालेली होती. मी तिथे असते तर ते ध्वनिमुद्रण स्कारबरोतल्या वीस तमिळ आज्यांना ऐकवलं असतं आणि त्या कुठे हसतात, कुठे कपाळाला आठ्या घालतात ते लिहून घेतलं असतं.

तिसरं जरा अवघड आहे. अर्जीला तमिळ नीट येत नाही, ही पुस्तकातली गोष्ट चित्रपटाचा आधार होऊ शकली असती. मुलांचं तुटकं तमिळ लपवायच्या ऐवजी त्याच तुटकेपणाभोवती कथा बांधायची: आजी अस्सल जाफन्याची, बाप मुद्दाम सिंहलीकडे वळलेला, मुलगा मधे लोंबकळलेला. मग प्रत्येक अडखळणं अर्थाचं झालं असतं. त्यासाठी आजीची तमिळ मात्र निखळ हवी, कारण तुटकं काय आहे हे कळायला कानात आधी अखंड असावं लागतं. कार्यशाळेत काही जण म्हणतात की एवढं केलं असतं तर पैसा उभा राहिला नसता आणि चित्रपट झालाच नसता. या आक्षेपाला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. ‘झाला हे महत्त्वाचं’ आणि ‘असा झाला हे सलतं’ या दोन्ही बाजू मला खऱ्या वाटतात, आणि मुलामुलींना मी त्या दोन्ही लिहून काढायला लावते.

शेवटी त्यांना एक काम देते. अर्जीच्या काकाचं ते वाक्य मराठीत आणायचं. ‘बायल्या’ लिहिलं तर शिवी पहिल्याच झटक्याला उघडी पडते, मुळात ती हसण्यात अर्धी गुंडाळलेली आहे. ‘विचित्र’ फार कोरडं. गेल्या खेपेला कोल्हापूरच्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘काय रं, तुझं पोरगं लईच गमतीशीर निघालं की’. वर्ग हसला आणि लगेच गप्प झाला. मी ते फळ्यावर लिहून ठेवलं आणि खाली आणखी दोन ओळींची जागा सोडली.